नाला कुणाचा?

महोदय,

आमची चाळ ठाणे जिल्ह्यात, दोन पालिकांच्या हद्दीवर. मधे नाला. तो तुंबला की या काठचे साहेब त्या काठाकडे बोट दाखवतात, तिकडचे इकडे. यंदा माझ्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी होतं. कुणाच्या हद्दीतलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका, शिवाय नगरपालिका. साऱ्यांचं नियोजन एकत्र व्हावं म्हणून १९७५ साली प्राधिकरण स्थापन झालं. मेट्रो, उड्डाणपूल हद्द बघत नाहीत, मग नालेसफाईच का अडते? मे महिन्यात दोन्ही पालिकांनी एकाच दिवशी, एकाच जेसीबीने नाला उपसावा. चहा माझ्याकडून.

— एक गृहिणी, जिल्हा ठाणे