तपासणीचे गुपित राहील, तरच तपासणी होईल

महोदय,

एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या आरोग्यसेविकांसोबत नुकताच एका गरीब वस्तीत दिवसभर फिरलो. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपैकी एका घरात पंधरा-सोळा बायका जमल्या होत्या. सेविकेने कंडोमच्या पाकिटावरची मुदतीची तारीख त्यांना वाचायला लावली, पाकीट बोटांनी दाबून आत हवा आहे का हे प्रत्येकीला पाहायला दिले आणि मग लाकडी नमुन्यावर तो कसा चढवायचा ते दाखवले. तिच्या आवाजात जराही संकोच नव्हता, म्हणूनच खाली मान घालून बसलेल्या बायकाही हळूहळू बोलत्या झाल्या. एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने ही लागण होत नाही, हे मात्र तिला तीनदा सांगावे लागले.

सगळ्या उठून गेल्यावर एक बाई मागे रेंगाळली. तिने हळूच विचारले, "तपासणी केली, तर घरी कळेल का?"

माझ्या मते प्रतिबंधाचे सारे काम या प्रश्नापाशी येऊन अडते. १९८१ मध्ये या आजाराची पहिली नोंद झाली तेव्हा हाती औषध नव्हते. आज नियमित उपचाराने ज्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली येऊन तसेच टिकते, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचारांअभावी आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. धोक्याचा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधेही आहेत, पण त्यासाठी तो प्रसंग कुणाला तरी सांगावा लागतो, आणि जिथे शेजारचे बोलणे भिंतीपलीकडे ऐकू जाते तिथे ते किती अवघड असेल! एड्सचा फलक लावलेली गाडी वस्तीत उभी राहिली, की तिच्याकडे कोण वळले हे साऱ्यांना दिसते. म्हणून ही तपासणी रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीसोबत, एकाच खोलीत व्हावी, आणि वृत्तपत्रांनीही रुग्णांची ओळख पटेल अशी छायाचित्रे छापू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या बाईला सेविकेने सांगितले, "तुमच्या परवानगीवाचून कुणालाही कळणार नाही. हवे तर मी सोबत येते, पण वस्तीबाहेर भेटू." बाईने लगेच दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवली.

आपला,
एक वाचक