नाशिकची नोट आणि १४४ रुपये

महोदय,

रुपयाच्या घसरणीवरील चर्चेत शेजारच्या पाकिस्तानच्या रुपयाशी तुलना हटकून होते. परंतु हे दोन्ही रुपये एकेकाळी एकच होते, हे सांगायचे राहून जाते. माझ्या संग्रहात सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली दहाची एक मळकी नोट आहे. तिच्यावर इंग्रजी आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापलेले असून, ती छपाई आपल्या नाशिकची आहे. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकच त्या देशाचीही मध्यवर्ती बँक होती.

सप्टेंबर १९४९मध्ये पौंडापाठोपाठ भारताने रुपयाचे ३०.५ टक्के अवमूल्यन केले, पाकिस्तानने मात्र नकार दिला आणि त्यांच्या १०० रुपयांसाठी आपले १४४ रुपये मोजण्याची वेळ आली. भारताने हा दर अमान्य केल्याने व्यापार जवळपास ठप्प झाला, कलकत्त्याच्या गिरण्यांना लागणारा पूर्व बंगालचा ताग तेवढा सर्वांच्या लक्षात राहिला, गिरणगावाला लागणारा सिंध-पंजाबचा कापूस (नेहमीप्रमाणे!) विस्मरणात गेला. अखेर फेब्रुवारी १९५१मध्ये भारताने तो दर स्वीकारला. जुलै १९५५मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला आले.

– एक नाणेसंग्राहक, दादर, मुंबई