हरकतींच्या आधीचा नकाशा

महोदय,

शहराचा विकास आराखडा बातम्यांत येतो तो प्रारूप, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर. मग हरकतींचे आकडे छापून येतात, आरक्षणे, म्हणजे उद्यान, शाळा, रस्ता अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जमिनी, कोणी हलवली यावर सभागृहात गदारोळ होतो. तोवर आराखड्याची बरीचशी घडण होऊन गेलेली असते, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नसते. राज्यातील शहरांचे जुने आराखडे एकेक करून सुधारणेला येत असतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून वीस वर्षांतून किमान एकदा त्याची सुधारणा करावी लागते. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, २४ खाली नगररचना अधिकारी नेमला जातो, २५ खाली विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते. पुढे हरकती ऐकणारी नियोजन समिती, मग मंजुरी देणारे शासन. हरकती इराद्यावर मागवतात, प्रारूपावर मागवतात; मधल्या विद्यमान वापराच्या नकाशावर मागवण्याचे बंधन कायद्यात नाही. सगळा घोळ तिथेच सुरू होतो, कारण कोणती जमीन मोकळी आहे हे त्या नकाशावरून ठरते आणि आरक्षणे मोकळ्या जमिनीवर पडतात.

आता हे काम उपग्रह प्रतिमेवर होते. प्रतिमेत छप्पर दिसते, त्याखाली काय चालते ते दिसत नाही. शाळेचे मैदान मोकळा भूखंड म्हणून रंगवले जाते, झाडांनी झाकलेला ओढा नाहीसा होतो, दफनभूमी पडीक ठरते, आणि आठवडे बाजाराची जागा प्रतिमा घेतली त्या दिवशी रिकामी असते. यावर उपाय एकच, हातात नकाशाची शीट घेऊन गल्लोगल्ली फिरणे. नेमकी त्याच कामाला घाई केली जाते. दुसरी अडचण सांधेजोडीची. जुना गावनकाशा, नगर भूमापनाची शीट आणि प्रतिमा एकमेकांवर बसवताना हद्दी सरकतात. १:५००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जागेवर ५ मीटर. ९ मीटरचा रस्ता कागदावर पुरता २ मिलिमीटरही भरत नाही. रेघ केसभर हलली की रस्ता कोणाच्या तरी घरातून जातो. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रारूप अशाच असंख्य चुकांमुळे एप्रिलमध्ये मागे घ्यावे लागले. नवे प्रारूप यायला मे २०१६ उजाडला आणि मंजुरीला २०१८.

दुसरा पाया लोकसंख्येचा. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ मध्ये. तोवर सगळा कारभार अंदाजावर. समजा, एखाद्या शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ७ लाख आणि २०११ मध्ये १० लाख होती. दर दशकाला ३ लाख अशी सरळ वाढ धरली तर २०४१ मध्ये १९ लाख होतात. तीच वाढ टक्क्यांनी धरली तर २९ लाखांच्या वर जाते. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. १० लाख माणसांचा फरक म्हणजे मोकळ्या जागेतच किमान १,००० हेक्टरचा फरक. म्हणून अहवालात आधी पाहायचे ते कोणती पद्धत वापरली आणि का. बहुतेक अहवालांत तीन-चार पद्धती मांडून त्यातली एक ‘योग्य वाटते’ एवढेच लिहिलेले असते. कशामुळे योग्य, ते विचारायला हवे. शिवाय राज्याची एकत्रीकृत बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू आहे आणि तिच्यात चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते, रस्त्याच्या रुंदीबरोबर वाढते. नकाशावर रस्ता रुंद केला की दोन्ही बाजूंची बांधकाम क्षमताही वाढते, म्हणजे त्या पट्ट्यातली माणसे वाढतात. पाणी आणि सांडपाण्याचा हिशोब त्याप्रमाणे बदलला का, हे तपासलेले क्वचित दिसते.

हरकतींच्या टप्प्याला कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्याची ताकद ओळखून असावे. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. प्रत्येकीला पाच मिनिटे दिली तर रोज आठ तास बसून ९०० दिवस लागले असते. एकाच मजकुरावर हजार सह्या घेतल्या तरी सुनावणी एकत्र होते आणि निर्णय एकच येतो. त्यापेक्षा दहा नेमक्या हरकती बऱ्या. हरकतीत शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि सर्व्हे नंबर हिश्श्यासकट हवा. जागेवर आज काय आहे ते तारखेच्या छायाचित्रासह, सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि भाग नकाशावर लाल शाईने खूण. ‘आरक्षण रद्द करा’ एवढेच लिहिले तर नियोजन समितीच्या हाती काही लागत नाही. त्याच परिसरातली पर्यायी जागा सुचवली तर निदान चर्चा होते. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात, वर्तमानपत्रातली जाहिरात वाचल्या दिवसापासून नाही.

पुण्याच्या याच आराखड्याचा इरादा २००७ चा आणि मंजुरी जानेवारी २०१७ ची. मुदत २०२७ पर्यंतची. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा तो तयार होण्यातच गेली. इतक्या उशिरा आलेल्या आरक्षणासाठी जमीन घ्यायला पैसे कुठून येणार, हा प्रश्न अंदाजपत्रकात शोधूनही सापडत नाही. कलम १२७ खाली आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) किंवा समावेशक आरक्षणाने (मालक काही भाग सार्वजनिक सोयीसाठी देऊन उरलेला स्वतः विकसित करतो) काही जागा मिळतात, पण उद्यान-मैदानासाठी लागणारी सलग जमीन त्याने क्वचितच हाती येते. नवा इरादा जाहीर करण्याआधी जुन्या आराखड्याचा ताळेबंद महापालिकेने छापावा: आरक्षणे किती, ताब्यात किती, व्यपगत किती, वापर बदललेली किती. विद्यमान वापराचे नकाशेही प्रभागनिहाय लावून महिनाभर दुरुस्त्या घ्याव्यात. कायदा सांगत नाही, पण आडही येत नाही.

शेवटी शासनाकडचा टप्पा. मंजुरी देताना शासनाला ठळक फेरबदल करायचे असतील तर तो भाग वगळून, ईपी (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) क्रमांक देऊन, पुन्हा हरकतींसाठी राजपत्रात प्रसिद्ध करतात. तोवर बहुतेकांचा उत्साह संपलेला असतो. त्या तक्त्यात कलम २६ खाली काय प्रसिद्ध झाले, कलम ३० खाली काय सादर झाले आणि शासन आता काय सुचवते, हे तीन रकाने शेजारी-शेजारी असतात. आपल्या भागाची ओळ तिथे आडवी वाचली की मैदान कोणत्या रकान्यात निवासी झाले ते दिसते.

– एक नगररचनाकार