राणीबागेत भेटलेल्या माळीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत महापालिकेच्या फुलांच्या प्रदर्शनात मी मोबाइलवरचा फोटो दाखवत स्टॉलमागून स्टॉल फिरत होते. फोटो ‘पँडोराज बॉक्स’ नावाच्या चिमुकल्या होस्टाचा, म्हणजे पानांसाठी लावतात त्या शोभेच्या झाडाचा, पांढरं पान आणि हिरवी किनार. “मागवून देतो” म्हणणारे भेटले. तुम्ही मात्र फोटो नीट बघितलात आणि म्हणालात, “ताई, हे जपान-कोरियाकडचं झाड. याला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, तेव्हा ते झोपतं. मुंबईत जानेवारीतसुद्धा पारा १५ अंशांखाली क्वचित जातो. झोप नाही मिळाली की खंगत जाईल बिचारं.” विकायला बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाला एवढं खरं सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग खिडकी कुठल्या दिशेला, समोरची इमारत किती लांब, दुपारी भिंतीसमोर हात धरला तर सावली पडते का, सगळं विचारलंत. परळच्या आमच्या खिडकीत ऊन येतच नाही, समोरच्या टॉवरवरून परतून येतो तेवढाच उजेड. ते ऐकून तुम्ही बुटक्या कॅलेडियमचे कंद वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवलेत, करंगळीच्या पेराएवढे.

झाड वीतभरच झालं, पण काय देखणं! हिरव्या पानावर पांढरे ठिपके, आणि सकाळी उजेडासमोर धरलं तर ठिपक्यांतून बोटं दिसतात. सासूबाई पूजा आटोपली की आधी त्या कुंडीशी जातात.

“सावलीतलं झाड म्हणून कोपऱ्यात ढकलू नका,” हे तुमचं वाक्य मी सगळ्यांना सांगते. पानाचा पांढरा भाग अन्न करत नाही, सगळा भार हिरव्यावर. म्हणून अशा झाडाला साध्या हिरव्या झाडापेक्षा उजेड थोडा जास्तच लागतो. कुंडी ग्रिलला लागून ठेवली ती त्यामुळेच. कोकोपीटमध्ये विटांचा चुरा घातल्याने जुलैच्या झडीतही कंद कुजले नाहीत. गोगलगायी पाइपावरून चढून यायच्या, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचल्या.

दिवाळीनंतर पानांनी माना टाकल्या. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून घाबरले नाही. पाणी तोडलं, कंद कोरड्या वाळूत ठेवले. याला झोपायला थंडी लागत नाही, आपला कोरडा हिवाळा पुरतो.

कंदांना बाळकंद फुटलेत, काका. थोडे तुमच्यासाठी वेगळे काढलेत. लावणीच्या आधी, एप्रिलमध्ये आणून देते.

तुमची,
परळची ताई