काका, त्या काळ्या मातीबद्दल आभार

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे, चहाला कधी येताय?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

नॉर्थ कॅरोलिनातला तो 18 होलचा गोल्फ कोर्स आम्ही तिघा मित्रांनी घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. 150 एकर हिरवंगार, क्लबहाउस चकाचक, दलालाची फाइल जाडजूड. तुम्ही राहुरीचे कृषी पदवीधर, उभी हयात इथल्या कोर्सवरच्या गवतात गेलेली. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "उन्हात नको, चांगला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी जाऊ."

चौथ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तिथलं मैदान सांभाळणाऱ्या सुपरिंटेंडेंटला विचारून तुम्ही त्याचाच होल पाडायचा कटर घेतलात आणि 4.25 इंच व्यासाचा मातीचा गड्डा उपसून काढलात. वर बेंटग्रास, ते थंड हवेतलं बारीक गवत, कसं मखमलीसारखं! पण तीन बोटं खाली काळा पट्टा. "घे वास." सडक्या अंड्याचा वास होता, काका, अजून नाकात आहे. निचरा नसला, मातीत हवा खेळत नसली की गंधकाचा असा काळा थर धरतो आणि मुळं वरच अडतात, हे तुम्ही ओल्या गवतात गुडघे टेकूनच सांगितलंत. इथल्या जुलैत बेंटग्रास तसंही धापा टाकत असतं. यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या पद्धतीने बांधलेल्या ग्रीनमध्ये 12 इंच वाळूच्या मिश्रणाखाली 4 इंच खडी आणि निचऱ्याचे पाइप असतात. इथे खाली नुसती लाल चिकणमाती. म्हणजे ग्रीन नव्याने बांधायची, आणि ती बांधून होईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे.

पंपहाउस, गंजलेले व्हॉल्व्ह, लीजवरच्या गोल्फ कार्ट हे सगळं तुम्ही तासाभरात उरकलंत. (क्लबहाउसच्या कॉफीला मात्र जरा जास्तच नावं ठेवलीत.)

हिशेबाच्या वह्या तुमचा प्रांत नव्हे, तरी नेमकं बोट तुम्हीच ठेवलंत. मालकाने दाखवलेली तिन्ही वर्षं कोविडनंतरची होती. "2020 पासून सगळीकडेच गर्दी वाढली, 2019चे आकडे माग," म्हणालात. मागितले. आठवडाभर टाळाटाळ झाली, मग आले, आणि आमच्या सीए मित्राने ते बघून कपाळाला हात लावला. फाइलमधल्या 'राउंड्स'मध्ये, म्हणजे किती खेळ झाले त्या आकड्यात, फुकटात खेळणारे सभासदही मोजलेले होते.

आम्ही किंमत कमी करून मागितली. मालक हटला नाही, आम्ही निघालो. बायको म्हणते, काकांना साडी-शर्टपीस तरी नेऊन द्या. तुम्ही फी घेतली नाहीत, पेट्रोलचे पैसेही नाहीत. गावाकडे जमीन घेताना आधी विहिरीत डोकावतात, एवढं मला कळायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात 9 होलचा एक कोर्स बघायचाय. पावसाचा अंदाज बघून फोन करतो. तुमचे गमबूट माझ्या डिकीतच आहेत.

तुमचा,
सगळ्यांत उतावळा पुतण्या