‘कृपया प्रशासकाशी संपर्क साधा’ : प्रशासकाकडूनच तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : अपडेटनंतर अहवाल सॉफ्टवेअरची डेटाबेस जोडणी नऊ दिवस बंद राहिल्याबाबत, आणि खरा एरर दाखवला न गेल्याबाबत

महोदय / महोदया,

गेली सहा वर्षं आमच्या कंपनीचे सगळे अहवाल तुमच्या सॉफ्टवेअरमधून निघतात. रोज सकाळी सहाचं शेड्यूल लावलेलं आहे. विक्री, येणी, शिल्लक माल, पगार असे एकूण ६४ अहवाल साडेसहापर्यंत ज्याच्या त्याच्या मेलमध्ये जाऊन पडतात. या महिन्याच्या ७ तारखेला, रविवारी, मी तुमचं नवं अपडेट टाकलं. सोमवारी सकाळी एकही अहवाल आला नाही. शेड्यूलच्या यादीत ६४ च्या ६४ ओळी लाल, आणि प्रत्येक ओळीसमोर एकच वाक्य : ‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.’

प्रशासक मीच आहे.

बिघाड झाला म्हणून हे पत्र नाही. सॉफ्टवेअर म्हटलं की बिघाड होणारच, आणि ते निस्तरायचाच मला पगार मिळतो. तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. पुढच्या नऊ दिवसांत एकामागून एक तीन वेगळे बिघाड निघाले आणि तिन्ही वेळा तुमच्या खिडकीत हेच वाक्य होतं. त्यामुळे एक दुरुस्त केला तरी काही सुधारलं की नाही, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या दिवशी काय काय तपासलं ते सांगते, कारण तुमच्या प्रतिनिधींनी ते पुढे चार वेळा पुन्हा करायला लावलं. आमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर आहे, डिफॉल्ट इन्स्टन्स (त्याची बिननावाची मूळ प्रत), नेहमीचं १४३३ पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार. अहवाल सर्व्हरवरून ते पोर्ट उघडं असल्याची खात्री केली. तोच अहवाल माझ्या टेबलावरच्या डिझायनरमधून (अहवाल तयार करायच्या तुमच्याच प्रोग्रॅममधून) बिनबोभाट निघत होता, म्हणजे डेटाबेस चालू आहे, युजर आणि पासवर्ड बरोबर आहेत. मग डेटाबेस सर्व्हरचा एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, उघडला. लॉगिन नाकारलं गेलं असतं तर तिथे १८४५६ क्रमांकाची नोंद दिसली असती. सहा ते साडेसहाच्या दरम्यान तशी एकही नोंद नव्हती. तुमची सर्व्हिस (शेड्यूल चालवणारा पडद्यामागचा प्रोग्रॅम) दारापर्यंत येऊन परत गेलेली नव्हती, ती घरातून निघालीच नव्हती. हे सगळं स्क्रीनशॉटसकट सोमवारी दुपारी बाराच्या आत तुमच्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, टाकलं.

उत्तर मंगळवारी आलं : सर्व्हर पिंग करून बघा.

पिंग लागलं तर मशीन जिवंत आहे एवढंच कळतं. डेटाबेस ऐकतोय का, हे पिंगला माहीत नसतं. मी पोर्ट तपासल्याचा पुरावा आधीच दिला होता, तरी पिंगचा स्क्रीनशॉट तीन वेगवेगळ्या प्रतिनिधींनी तीनदा मागितला. बुधवारी सांगण्यात आलं, फायरवॉल बंद करून बघा. गुरुवारी, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. ते टाकलं, त्यात अर्धा दिवस गेला. शुक्रवारी एकाने सगळ्यांवर कडी केली आणि डेटाबेसच्या ‘एसए’ खात्याचा पासवर्ड मेलवर मागितला. आमच्या अख्ख्या डेटाबेसची ती किल्ली आहे. ती मी देणार नाही, आणि मागणाऱ्याला ती मागू नये हे कुणी शिकवलेलं नाही याची दखल तुम्ही घ्याल अशी अपेक्षा आहे. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. दरम्यान रोज सकाळी पाच वाजता उठून मी डिझायनरमधून एकेक अहवाल हाताने काढून पाठवत होते. महत्त्वाचे वीसेक तरी जात होते, बाकीच्यांसाठी फोन झेलत होते.

‘मूळ एरर दाखवा’ असं मी तिकिटावर दोनदा लिहिलं. त्यावर आलेलं उत्तर शब्दशः असं : ‘सुरक्षेच्या कारणास्तव मूळ संदेश वापरकर्त्याला दाखवला जात नाही.’

या उत्तराबद्दल थोडं लिहायलाच हवं. लपवण्यामागे कारण असू शकतं, हे मला मान्य आहे. एसक्यूएल सर्व्हर स्वतःच तसं करतो. लॉगिन फसलं की समोरच्याला तो फक्त ‘लॉगिन फेल्ड’ आणि स्टेट (कारणाचा क्रमांक) १ एवढंच सांगतो. पासवर्ड चुकला, की त्या नावाचा युजरच नाही, हे बाहेर सांगत नाही, कारण विचारणारा चोरही असू शकतो. पण खरं कारण तो आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. तिथे स्टेट ८ असेल तर पासवर्ड चुकलाय, ५ असेल तर युजर अस्तित्वात नाही. ज्याचं ते काम आहे त्याला पाच मिनिटांत उमगतं. तुम्ही ते बाहेरही सांगत नाही आणि आतही कुठे लिहीत नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

शेवटी शनिवारी मीच मार्ग काढला. टास्क मॅनेजर उघडून तुमच्या शेड्यूल सर्व्हिसची ओळ बघत बसले होते. विंडोजवरचे प्रोग्रॅम जुन्या ३२ बिट किंवा नव्या ६४ बिट घडणीचे असतात; ३२ बिट प्रोग्रॅमच्या नावापुढे तिथे कंसात ‘३२ बिट’ असं येतं, आणि तुमच्या सर्व्हिसपुढे ते गेली सहा वर्षं होतं. आता नव्हतं! म्हणजे अपडेटने सर्व्हिस ६४ बिट केली होती. माझ्या टेबलावरचा डिझायनर मात्र अजून ३२ बिटचाच.

प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडून देणारी विंडोजमधली सोय म्हणजे ओडीबीसी, आणि तिची ३२ आणि ६४ बिटची दोन वेगळी खाती असतात. ३२ बिटच्या खात्यात नोंदवलेलं सिस्टिम डीएसएन (कुठल्या डेटाबेसला कसं जोडायचं याची नावानिशी नोंद) ६४ बिट प्रोग्रॅमला दिसतच नाही. त्यातून दोन्ही खाती उघडणाऱ्या फाइलचं नाव एकच, ‘ओडीबीसीएडी३२’, आणि त्यातली ६४ बिटची फाइल ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरात बसते. (ही उलटापालट जुनी आहे, ती तुमच्या माथी मारत नाही.) खात्री करायला ओडीबीसीचं ट्रेसिंग (प्रत्येक पायरीची नोंद) दोन मिनिटांपुरतं चालू केलं, एक अहवाल मुद्दाम पळवला आणि ट्रेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. तिथे ती ओळ होती : आयएम००२, ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’. ओडीबीसीच्या ड्रायव्हर मॅनेजरने हे उत्तर तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात दिलेलं होतं, सोमवारी सकाळी सहा वाजल्यापासून, दर अहवालामागे एकदा. तुमच्या प्रोग्रॅमने ते वाचलं, टाकून दिलं आणि मला माझ्याकडेच पाठवलं.

६४ बिटच्या खात्यात त्याच नावाने नवं डीएसएन करायला बसले. (नाव तेच ठेवलं म्हणून ६४ अहवाल उघडून बदलावे लागले नाहीत. हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.) तुमच्या इन्स्टॉलरने ६४ बिटच्या बाजूला ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणारा भाग) १८ टाकलेला आहे. २०२२ साली आलेल्या या आवृत्तीपासून जोडणी आपोआप एन्क्रिप्ट होते (माहिती सांकेतिक रूपात जाते) आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा दाखला, तपासलं जातं. १७ पर्यंत तसं नव्हतं. आमच्या डेटाबेस सर्व्हरवर त्याने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट होतं, ते अर्थातच नापास झालं. हे मला कसं कळलं? डीएसएनच्या खिडकीतलं चाचणीचं बटण दाबलं आणि विंडोजच्या त्या साध्यासुध्या खिडकीने सांगितलं की सर्टिफिकेट ज्याने दिलंय तो विश्वासू नाही. तुमच्या शेड्यूलमधून पळवल्यावर काय आलं, ते आता मी लिहीत नाही.

सोमवारी, १५ तारखेला, तुमच्या प्रतिनिधीचा फोन आला. मी कारण सांगितल्यावर त्यांनी तोडगा दिला : “मॅडम, ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेटला यस करून टाका, लगेच चालू होईल.” होईल, यात वाद नाही. पण मग माहिती एन्क्रिप्ट होऊन जाते आणि पलीकडचा सर्व्हर आपलाच आहे का हे कुणी बघत नाही. पाकीट नीट चिकटवायचं आणि समोर येईल त्याच्या हातात द्यायचं, असा तो प्रकार. या जोडणीवरून आमच्या लोकांचे पगाराचे आकडे जातात. चाचणीपुरतं ते ठीक, कायमचं नाही. आम्ही कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेतून रीतसर सर्टिफिकेट काढलं, रात्री डेटाबेसची सर्व्हिस बंद करून चालू केली. तरी नाहीच. सर्टिफिकेट सर्व्हरच्या पूर्ण नावाने होतं आणि मी जुन्या डीएसएनमधला आयपी पत्ता जसाच्या तसा उतरवला होता, त्यामुळे नाव जुळेना. ही चूक माझी, आणि ती मंगळवारी दुपारी सापडली, तीसुद्धा चाचणीच्या बटणानेच. १७ तारखेला सकाळी ६४ अहवाल गेले.

एक गोष्ट मात्र राहून गेली आणि तीच सर्वांत गंभीर आहे. रविवारी, म्हणजे १४ तारखेला, तुमच्या सांगण्यावरून ‘सविस्तर लॉग’ चालू केला होता. त्यात जोडणीचा खरा एरर नाहीच. पण जोडणीची पूर्ण ओळ आहे, युजरचं नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत. ती लॉग फाइल तिकिटाला जोडून पाठवा, असंही मला सांगण्यात आलं होतं. पाठवण्याआधी वाचायची सवय आहे म्हणून वाचलं. पासवर्ड त्याच दिवशी बदलला. तुमच्या इतर ग्राहकांनी अशा किती फाइली न वाचता पाठवल्या असतील ते तुमच्या तिकिटांच्या कपाटात तुम्हीच बघा, आणि त्या सगळ्यांना कळवा.

आता मला काय हवंय ते. जोडणी फसली की ड्रायव्हरकडून आलेला मूळ संदेश, त्याचा एसक्यूएलस्टेट (आयएम००२सारखी सांकेतिक खूण) आणि क्रमांक निदान सर्व्हरवरच्या लॉगमध्ये लिहिला गेला पाहिजे. खिडकीत तुमचं गोड वाक्य खुशाल ठेवा. लॉगमधून पासवर्ड काढा, आणि याला पुढच्या आवृत्तीची वाट बघू नका. सर्व्हिस ३२ वरून ६४ बिट झाली आणि ड्रायव्हर बदलला, या दोन ओळी अपडेटच्या माहितीपत्रकात कुठेही नाहीत. मी ते आता दोनदा वाचलंय. त्यात बटणांचा नवा रंग आहे. त्या दोन ओळी घाला, म्हणजे पुढच्या माणसाचा आठवडा वाचेल. पासवर्ड मागणाऱ्या मेलबद्दल लेखी खुलासा द्या. आणि वार्षिक देखभाल कराराची मुदत नऊ दिवसांनी वाढवून द्या.

तिकीट परवा तुमच्याकडून ‘ग्राहकाने समस्या सोडवली’ असा शेरा मारून बंद झालं आहे. शेरा खरा आहे, पण तिकीट पुन्हा उघडा. वरच्या मुद्द्यांवर १५ दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. ट्रेसमधल्या ओळी, चाचणीच्या खिडक्यांचे स्क्रीनशॉट आणि पासवर्ड झाकलेली लॉग फाइल सोबत जोडली आहे. पिंगचा स्क्रीनशॉटही जोडलाय, चौथ्यांदा मागायला नको.

आपली,
प्रशासक, अहवाल विभाग