अण्णा, तुमचा बल्ब माझ्याकडंच राहिलाय

अण्णा, नमस्कार.

तुमचा नंबर नाही माझ्याकडं. मागितला तर म्हणालात "नंबर घेऊन काय करतोस, ट्रॅक्टर परत बंद पडला तर तूच चालू करशील की" आणि किक मारून हिंडलग्याच्या बाजूला निघूनही गेलात. नावपण अर्धंच सांगितलंत. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय, हुक्केरीकडचे, पांढरी टोपी, जुनी मोटरसायकल, पिशवीत कायम नटबोल्टचे पाने, एवढ्यावरनं कुणी ओळखलं तर त्यांना वाचून दाखवा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो काय झालं होतं ते. बेळगावजवळ उचगावच्या पुढं आमची थोडी भाताची जमीन आणि घरामागं भाजीपाल्याची बाग, त्यासाठी छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतलाय, मोठा आमच्या वाफ्यात वळतच नाही. वळीव दोनदा पडून गेला, मृग तोंडावर, सगळे धूळवाफ पेरणीच्या गडबडीत आणि आमचा ट्रॅक्टर चावी फिरवली की नुसतं टिक्क. एकदा टिक्क, गप्प. परत टिक्क. येणारा जाणारा विचारतोय काय करूलालास रे, काय सांगू, टिक्क टिक्क करूलालोय!

प्रत्येकानं वेगळं सांगितलं. एकजण म्हटला बॅटरी उतरली, म्हणून साडेपाच हजाराची नवी आणून टाकली, तरी टिक्क. दुसरा म्हटला क्लचखालचा स्विच (क्लच दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होऊ न देणारा) गेला असणार, त्याच्या दोन्ही वायरी पिळून एक केल्या, तरी टिक्क. तिसरा म्हटला डिझेलला कचरा आलाय, फिल्टर खोलून पुसून बसवला (हे नंतर अंगाशी आलं, सांगतो पुढं). शेवटी ठरवलं स्टार्टरच, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटरच, बदलायची, आणि बेळगावात पार्टच्या दुकानात पैसे मोजत उभा होतो तेव्हा मागनं आवाज आला, "तडी, तडी," म्हणजे थांब, थांब.

माझं कन्नड दुकानापुरतं आणि तुमचं मराठी तुमच्या पद्धतीचं, पण पहिला प्रश्न बरोबर कळला मला. सेल मारताना, म्हणजे चावी फिरवून स्टार्टर फिरवताना, हेडलाईट काय करते? मी म्हटलं बघितलंच नाही. तुम्ही दुकानदाराला म्हटलात याला आज कायबी देऊ नका. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालेलं, पण तोही हसला बिचारा.

आणि रविवारी सकाळी खरंच आलात. मला वाटलेलं येणार नाहीत.

आल्या आल्या पाना हातात घेणार असं वाटलं तर नाही, बांधावर बसलात आणि सगळं मलाच करायला लावलंत. हेडलाईट लावून चावी फिरव म्हटलात. फिरवली, लाईट पार मेली, चावी सोडल्यावर परत लख्ख. मग पुतण्याचा मीटर बॅटरीच्या खुंटांवर, सेल न मारता 12.6 व्होल्ट, आणि सेल मारताना 12.3. मी खूश, म्हटलं बघा बॅटरी बरोबर आहे. तुम्ही म्हटलात हेच तर चूक आहे, स्टार्टर खरंच ओढायला लागला तर बॅटरी अकराच्या आसपास उतरायला पाहिजे, इथं उतरलीच नाही म्हणजे करंट गेलाच नाही, वाटेत कुठंतरी अडलाय. हे वाक्य मी चार दिवस घोळवत होतो. बॅटरी उतरत नाही ही तक्रार असू शकते हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग पिशवीतनं तो बल्ब काढलात. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, बस. चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मी म्हटलं अण्णा दोन्ही अर्थिंगच, करंट परत जायची बाजू, कसा पेटेल? तुम्ही म्हटलात "पेटू नये. पेटला तर चोर तिथं." चावी फिरवली आणि पेटला की हो! अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. लगेच जंपर केबल घेऊन एक टोक मायनसला, दुसरं इंजिनला लावलात आणि सेल मारल्यावर स्टार्टर गर्रकन फिरला. "स्टार्टर सत्तिल्ल," मेला नाही म्हणालात, जसं काय आजारी माणसाबद्दल सांगताय.

बॅटरीच्या ट्रेखाली अर्थिंगची पट्टी बोल्टनं चेसीला बसवलेली, तिथं जुन्या बॅटरीचं पाणी सांडून सगळं हिरवं पांढरं झालेलं. वरनं घट्टच होती म्हणून कुणाला शंका नाही. लाईटपुरता थोडा करंट त्यातनं जायचा, पण स्टार्टरला शंभराच्या वर अँपिअर लागतात ते कुठनं जाणार. पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत केलं, पट्टी घासली, आवळली, वरनं व्हॅसलिन. खर्च शून्य. साडेपाच हजाराची नवी बॅटरी तेवढी माझ्याकडं बघून हसत होती.

आता ओरडा खाल्लेला तोही लिहितो, नाहीतर पत्र खोटं होईल. आदल्या दिवशी मी स्टार्टरच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून बघितलं होतं, ठिणग्या उडाल्या नुसत्या, फिरला नाही. हे हसत हसत सांगितलं तर तुम्ही गिअरकडं बघितलात. दुसऱ्यात होता. पुतण्या त्यावेळी कुठं होता विचारलात. पुढच्या चाकाजवळ टॉर्च धरून उभा होता अण्णा. तुम्ही थोडा वेळ बोललाच नाहीत. मग म्हटलात, अर्थिंग खराब होतं म्हणून पोरगं वाचलं. त्या क्षणी क्लचच्या पिळलेल्या वायरी मी स्वतः सोडवून परत स्विचला जोडल्या, तुम्ही सांगायच्या आधी.

एवढं होऊन चालू झाला का, तर नाही. इंजिन छान फिरतंय पण पेटत नाही. सायलेन्सरमधनं धूर येतोय का विचारलात, अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. फिल्टर कुणी खोलला? मी मान खाली घातली. हवा धरली होती, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून डिझेलचा हातपंप मारत बसलो, आधी फेस, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल, मग स्क्रू आवळला. दहा सेकंदांच्या वर सेल मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं, म्हणून तुम्ही बोटं मोजत होता. तिसऱ्यांदा भकभक काळा धूर आणि चालू! आई पदराला हात पुसत बाहेर आली, तिला वाटलं कुठंतरी स्फोट झाला.

पैसे घेतला नाहीत. आईनं बळंच दिलेले दोन शेर तांदूळ आणि पिठलं-भाकरी एवढंच. भाकरी खाताना तिच्याशी अर्ध्या तासात कन्नडमध्ये जेवढं बोललात तेवढं मी तिला आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं, तिचं माहेर तिकडचं हे आम्ही विसरूनच गेलेलो.

पेरणी झाली, उगवणही बरी आहे. परवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अडला, त्याचं तर टिक्कपण नाही. बल्ब घेऊन गेलो. अर्थिंग चांगलं निघालं, करंट क्लचच्या स्विचपर्यंत येत होता, पुढं नाही. तो म्हटला वायरी पिळून टाक. मी नवा स्विच आणायला लावला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आता बोलतोय.

बल्ब तुमचाच आहे, टूलबॉक्समध्ये वेगळा गुंडाळून ठेवलाय. या घ्यायला. आई विचारते रोज.